लक्ष्मी यावी म्हणून दार उघडं ठेवलं आणि गुंड्या निघून गेला

अबोली

गेल्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. संध्याकाळचे सात-सव्वासात. आरती चालू होती आणि घरच्या पद्धतीप्रमाणे दार सताड उघडं. गुंड्या आतल्या खोलीत पलंगाखाली. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. तो दोन इमारतींच्या मधे असा घुमला की चौरंगावरची वाटी थरथरली. पुढच्याच क्षणी काहीतरी तांबूस माझ्या साडीला घासून गेलं. सासूबाई विचारत होत्या, "कापूर कुठे ठेवलास?" आणि मी अनवाणी जिन्यात.

गुंड्या म्हणजे आमचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा. घंटागाडीवर धावून जातो म्हणून हे नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला, घरापासून तीन-साडेतीन किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे एका गॅरेजमध्ये टेम्पोच्या खाली. पंजांची कातडी सोलवटलेली, एक नख उपटलेलं. गॅरेजवाल्या दादांनी दूध-पाव ठेवला होता, त्याला तोंडही लावलं नव्हतं. वारज्याचा तो हायवे त्याने कसा ओलांडला असेल याचा विचार मी अजून करत नाही.

हा धागा यंदा आधीच काढतेय, कारण गेल्या वर्षी जे सल्ले मिळाले ते सगळे "अरेरे, आधी सांगितलं असतंत तर" छापाचे होते. अजून सहा आठवडे आहेत. ज्यांच्या घरी कुत्री-मांजरं-पक्षी आहेत त्यांनी काय केलं, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, सगळं लिहा. सोसायटीशी कसं बोललात तेही. आणि माझ्या मुलाचा एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मला देता आलं नाही: "गुंड्याला पलंग तरी आहे. कात्रजच्या झूमधल्या हरणांनी कुठे जायचं?"

बोका_नंबर_१

आमच्याकडे दोन मांजरी. दिवाळीचे चार दिवस त्या कपाटावरच्या बॅगांच्या मागे राहायला जातात. पहिल्या वर्षी मी प्रेमाने ओढून बाहेर काढायला गेलो. हाताला सात टाके. तेव्हापासून वरच पाणी ठेवतो, मातीचा ट्रे त्याच खोलीत ठेवतो आणि त्या आहेत हेच विसरून जातो. मांजराला लपायला मिळालं की तिची अर्धी भीती जाते. उरलेली अर्धी तिची खासगी बाब आहे.

काडेपेटी

आला, दिवाळीचा वार्षिक धागा आला! आकाशकंदील लागायच्या आधी हा लागतो. आमच्या आजोबांच्या वेळीही फटाके होते आणि वाड्यात कुत्रीही होती. कुणी गोळ्या घेत नव्हतं, ना कुत्री ना माणसं. वर्षातले चार दिवस पोरांनी मजा केली तर एवढं काय? आणि शिवकाशीतल्या लोकांच्या पोटाचं कोण बघणार? दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

खारुताई

काडेपेटी, घेतले दिवे. पण आजोबांच्या वेळचे फटाके आठवा ना. लवंगीची माळ आणायची, उन्हात वाळत घालायची, मग बसून एकेक लवंगी सोडवून वाट्या करायच्या. मला ३२ आल्या, दादाला ३४, यावरून रडारड. एक माळ चार दिवस पुरायची. आता दहा हजारांची माळ रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरतात आणि लावणारा स्वतः कानात बोटं घालून उभा राहतो. ज्याला स्वतःलाच ऐकवत नाही तो ते लावतो कशाला, हे मला खरंच कळलेलं नाही.

डेसिबल

थोडं गणित. आपल्याकडे फटाक्याच्या आवाजाची मर्यादा आहे १२५ डेसिबल, तीही फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजलेली. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ८ मीटरवर ११९, १६ वर ११३, ३२ मीटरवर १०७. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी नियमात बसणारा फटाकासुद्धा शंभराच्या वर पोचतो. हे मोकळ्या मैदानाचं. दोन इमारतींच्या मधे आवाज भिंतींवर आपटून परत येतो, म्हणजे अबोली यांची वाटी थरथरली यात नवल नाही.

दुसरं, 'ग्रीन' फटाक्यांबद्दल. हे नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने काढले. उद्देश मुख्यतः धूर आणि धुळीचे कण कमी करण्याचा, साधारण ३० टक्क्यांनी. आवाज मात्र त्याच मर्यादेच्या आतबाहेर. तेव्हा पुडक्यावर हिरवा शिक्का बघून "आमच्या कुत्र्याला चालेल" असं समजू नका. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, मांजराला त्याहूनही वर. रॉकेटची ती शीळ आपल्याला जिथे संपली असं वाटतं तिथे त्यांची संपलेली नसते.

पशुवैद्य_काका

अबोली, आधी वेळेवर धागा काढल्याबद्दल शाबासकी. माझ्याकडे लोक धनत्रयोदशीच्या संध्याकाळी येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, झोपेची गोळी द्या."

यात एक गोष्ट नीट समजून घ्या. नुसतं शरीर ढिलं पाडणारी औषधं, उदाहरणार्थ अ‍ॅसिप्रोमाझिन, पूर्वी सर्रास दिली जायची. कुत्रं पडून राहायचं, मालक खूश. पण आत भीती तशीच असते, फक्त पळता येत नाही. आता चिंता कमी करणारी वेगळी औषधं आहेत. खास आवाजाच्या भीतीसाठी हिरड्यांना लावायचं एक जेल २०१५ मध्ये अमेरिका आणि युरोपात मंजूर झालं. कुठलं औषध, किती, कधी, हे वजन, वय, यकृत, हृदय बघून ठरतं. म्हणून नाव इथे वाचून केमिस्टकडे पळू नका, आणि आजीची झोपेची गोळी अर्धी करून तर अजिबात देऊ नका. औषध ठरलं तर एका साध्या दिवशी घरी देऊन बघा. काही कुत्री शांत होण्याऐवजी उलटी चवताळतात, ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री कळायला नको.

बर्न विद्यापीठातल्या एका संशोधिकेने १,२२५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं की फटाक्यांच्या भीतीवर काय लागू पडलं. आवाज झाला की लगेच आवडता खाऊ किंवा खेळ, हे करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना फरक दिसला. डॉक्टरांच्या औषधांचाही आकडा जवळपास तेवढाच. अंगाला घट्ट बसणारी जाकिटं ४४ टक्के. वासाची यंत्रं, काढे, थेंब वगैरे तिशीच्या आसपास. म्हणजे चिकनचा तुकडा महागड्या बाटलीपेक्षा भारी ठरला.

आणि तो जुना सल्ला विसरा, की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती 'वाढते'. भीती म्हणजे काही हट्ट नव्हे की लाड केले की बळावेल. तो जवळ येत असेल तर येऊ द्या. लपला असेल तर लपू द्या.

अबोली

काका, आभार. एक विचारायचं होतं. गेल्या दिवाळीनंतर मी एक वही ठेवली. कधी आवाज झाला, गुंड्याने काय केलं, पूर्ववत व्हायला किती वेळ लागला. मला वाटलं होतं की सगळ्यात वाईट नोंद लक्ष्मीपूजनानंतरच्या रात्रीची असेल, कारण त्या रात्री आम्ही पाडव्याचे फटाके दोन-अडीच तास सलग ऐकले. तसं नाही निघालं. त्या रात्री तो थरथरत होता, लाळ गळत होती, पण अकराला जेवला आणि झोपला. वाईट नोंदी पुढच्या आठवड्यातल्या आहेत. सकाळी सहाला दूध आणायला निघालो तेव्हाचा एक बॉम्ब. दुपारी तीनला पोरांनी उरलेला फोडलेला एक. रात्री पावणेएकला लग्नाच्या वरातीतला एक. एकेकच. पण त्यानंतर तो दोन दिवस जिना उतरायला तयार नव्हता.

पशुवैद्य_काका

तुम्ही जे टिपलंय ते फार मोलाचं आहे. जनावराला सगळ्यात जास्त मोडतं ते अवचितपण. सलग आवाजात ते घाबरतं खरं, पण एक सुरुवात असते, एक शेवट असतो, घरातले सगळे जवळ असतात. अवचित एकच आवाज आला की तो 'कशाला जोडायचा' हे त्याला कळत नाही, म्हणून ते आजूबाजूच्या सगळ्यालाच जोडतं. जिन्याला, सकाळला, दुधाच्या पिशवीला. मग फटाके नसतानाही जिना भीतीचा होतो. दरवर्षी "सवय होईल" म्हणणाऱ्यांना हेच सांगतो, की नुसतं ऐकवून सवय होत नाही, बहुतेक वेळा भीती चढत जाते. आणि जो कुत्रा आजवर घाबरत नव्हता आणि आठ-नऊ वर्षांचा झाल्यावर अचानक घाबरायला लागला, त्याचे सांधे तपासून घ्या. दचकल्यावर दुखलं, की आवाज आणि दुखणं यांची गाठ बसते.

म्हशीवाला

कोल्हापूरकडचा हाय. सवयीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्याकडं पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून बाहेर काढत्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं, गळ्यात माळा, आणि मोटरसायकलच्या मागं म्हैस पळवायची. गाडीचा आवाज काळीज हादरवणारा असतोय. म्हैस बिथरत न्हाई, मालकाच्या मागं पळत्या. बाहेरगावचे लोक म्हणत्यात बघा, जनावराला आवाजाचं काय नसतंय! अरं बाबा, त्या म्हशीला मालकानं किती महिने आधी हळूहळू शिकवलेलं असतंय. रोज त्याच गाडीचा आवाज, त्याच माणसाची हाक. तीच म्हैस गोठ्यात बांधलेली असताना मागं बॉम्ब लावा, दावं तोडून जाईल.

दुधाचं पण सांगतो. धारेच्या वेळी फटाका वाजला की पान्हा चोरती. कास भरलेली, पण थेंब सोडत न्हाई. दिवाळीत डेअरीला दूध जास्त पाहिजे असतंय आणि नेमकं तेव्हाच आमचं कमी पडतंय.

पशुवैद्य_काका

म्हशीवाले, बरोबर आहे. पान्हा सोडायला जे संप्रेरक लागतं ते भीतीत सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलीनपुढे चालत नाही. पोल्ट्रीत तर याहून वाईट. एका कोपऱ्याकडे सगळ्या कोंबड्या पळतात, एकमेकींवर चढतात, खालच्या गुदमरतात. सकाळी मालकाला ढीग दिसतो, एकीच्याही अंगावर जखम नसते.

पिंजऱ्याबाहेर

अबोली, तुमच्या मुलाच्या प्रश्नासाठी आयडी उघडला. काही वर्षं एका प्राणिसंग्रहालयात काम केलं, कुठल्या ते राहू द्या.

लोकांना वाटतं वाघ-सिंह घाबरत असतील. ते उठतात, दोन फेऱ्या मारतात, कान मागे घेतात. बिबट्या जास्त अस्वस्थ होतो. पण आमच्या पोटात गोळा यायचा तो चितळ, काळवीट आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्यांसाठी. हरणाचं सगळं शरीर एकाच उत्तरासाठी घडलंय: पळ. जंगलात तो धोक्यापासून शे-दोनशे मीटर पळतो, थांबतो, मागे वळून बघतो. पिंजऱ्यात जाळीपर्यंत पळतो आणि आवाज चारही बाजूंनी येतोय. मग जाळीवर आपटतो, वळतो, पुन्हा आपटतो. मान मोडते ती याच वेळी. जे वाचतात त्यांच्यातले काही दोन-चार दिवसांनी जातात. भीतीने अतोनात धावल्यावर स्नायूच तुटायला लागतात, त्यातला मळ रक्तात उतरतो, लघवी चहासारखी काळसर होते, मूत्रपिंडं बसतात. फटाक्यांच्या रात्रीनंतर चौथ्या दिवशी मेलेल्या हरणाचा हिशोब कुणी फटाक्यांच्या खात्यावर लिहीत नाही.

आम्ही काय करायचो? संध्याकाळचं खाणं लवकर देऊन जी जनावरं आत येतात त्यांना रात्रीच्या खोल्यांमध्ये घ्यायचो. जाळीवर बाहेरून गोणपाट किंवा हिरवी नेट, म्हणजे उजेडाचे लखलखाट कमी दिसतात आणि जाळी भिंतीसारखी दिसते. पिलं असलेल्या माद्यांना अजिबात हलवायचं नाही. आणि रोजचा कीपर रात्री तिथेच. त्याने काही करायचं नसतं, नुसतं रोजच्यासारखं बोलत फिरायचं. एक कीपर दिवाळीच्या रात्री काळविटांच्या आवारापाशी खुर्ची टाकून फराळ खात मोठ्याने नाट्यपदं म्हणायचा. काळविटं त्याच्या बाजूला येऊन उभी राहायची. सुराची अपेक्षा कुणालाच नव्हती.

मुलाला सांगा, हरणाला पलंग नसतो, पण नशीब असेल तर असा माणूस असतो.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत ड्युसलडॉर्फजवळ राहते. क्रेफेल्ड आमच्यापासून अर्ध्या तासावर. १ जानेवारी २०२० ची सकाळ इथे कुणीच विसरलेलं नाही. मध्यरात्रीनंतर तिथल्या झूमधलं माकडांचं अख्खं घर जळलं. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, लहान माकडं, वटवाघळं, पक्षी मिळून तीसहून जास्त प्राणी. दोन चिंपांझी तेवढे वाचले. कारण फटाकाही नव्हता, आकाशात सोडायचा कागदी कंदील होता, खाली मेणबत्तीवाला. इथे त्यावर आधीपासून बंदी होती. एका आईने आणि तिच्या दोन मोठ्या मुलींनी स्वतः पोलिसांकडे जाऊन सांगितलं की आम्ही सोडले होते. त्यांना वाटलं होतं फटाक्यांपेक्षा हे शांत आणि सुंदर.

हे मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडेही "फटाके नकोत, कंदील सोडू" अशी टूम निघालीय. मुंबई पोलिसांनी त्यावर मनाई आदेश काढलेले आहेत ते उगीच नाही.

बाकी इथे फटाके सामान्य माणसाला विकत मिळतात ते वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांतच, आणि उडवायचे ३१ डिसेंबरला, ज्याला इथे 'सिल्व्हेस्टर' म्हणतात, आणि १ तारखेला. त्या रात्री शहराचं युद्धभूमीत रूपांतर होतं, खोटं नाही. पण कुत्रेवाल्यांना तारीख पाठ असते. माझी शेजारीण दर ३१ ला कुत्र्याला घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात राहायला जाते, कारण विमानतळाच्या आसपास फटाके उडवता येत नाहीत.

काडेपेटी

म्हणजे गोऱ्यांनी उडवले तर 'सिल्व्हेस्टर' आणि आम्ही उडवले तर प्रदूषण. बोलायचं झालं तर सगळ्यांवर बोला. दरवेळी आमचाच सण का?

ऱ्हाइनकाठी

अहो, मी वर तीस प्राणी जळाल्याचं लिहिलं ते गोऱ्यांच्याच फटाक्यांच्या रात्रीचं आहे. अजून हवं तर घ्या. नोव्हेंबर २०२४, एडिंबरा झू, रॉक्सी नावाचं तीन महिन्यांचं लाल पांडाचं पिल्लू. आदल्या आठवड्यात आई गेलेली. ५ नोव्हेंबरला ब्रिटनभर फटाके. पिल्लाला उलटी झाली, ती श्वासनलिकेत अडकली आणि ते गेलं. तिथल्याच पशुवैद्यांनी सांगितलं की फटाक्यांचा ताण हे कारण असावं. अमेरिकेत आर्कान्सामधल्या बीब गावात २०१० च्या ३१ डिसेंबरला रात्री हजारो पक्षी रस्त्यांवर, छपरांवर मरून पडले. रात्री झोपलेला थवा आवाजाने उठला, अंधारात दिसेना, घरांवर-खांबांवर आपटला. नेदरलँड्समध्ये तर हवामानखात्याच्या रडारवर दिसतं. बाराच्या ठोक्याला पाणपक्ष्यांचे थवेच्या थवे पाचशे मीटर उंचीपर्यंत उठतात. पक्ष्याला कुणाचा सण आहे ते कळत नाही.

खारुताई

आणि आपल्याच देशातलं. तमिळनाडूत शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडीचं पक्षी अभयारण्य आहे. शेजारचं कोल्लुकुडीपट्टी गाव कित्येक वर्षं दिवाळीला फटाके वाजवत नाही, कारण तेव्हा झाडांवर बगळे-करकोचे पिलं घालून बसलेले असतात. गंमत म्हणजे शिवकाशी तिथून काही फार लांब नाही.

काडेपेटी

हे माहीत नव्हतं. (मत बदललेलं नाही, नोंद घेतली.)

डेसिबल

वेळेबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ घालून दिली होती आणि माळांवर बंदी घातली होती. तेव्हा सगळे प्रदूषणाबद्दलच बोलले. पण अबोलींच्या वहीच्या उजेडात वाचलं तर कुत्र्यांच्या दृष्टीने त्या निकालातला सगळ्यात कामाचा भाग ती वेळच आहे. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा म्हणून वेगळा काढलेलाच आहे. शांतता क्षेत्रांत रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांची नावं आहेत. प्राणिसंग्रहालयाचं नाव नाही.

बोका_नंबर_१

नियमाचं सोडा. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या शेपटीला माळ बांधणाऱ्यांचं काय करायचं? आमच्या गल्लीत झालंय.

डेसिबल

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एका सुतळी बॉम्बच्या पुडक्याएवढाही नाही. पण प्राण्याला अपंग केलं किंवा ठार मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार लिहिताना कलम घालायला सांगा आणि व्हिडिओ जपून ठेवा. जखमी वन्यप्राणी किंवा पक्षी दिसला तर वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६.

पशुवैद्य_काका

मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच. बाकीच्यांनी आपल्या गावात रात्री कोण उघडं असतं ते आत्ताच शोधून नंबर फ्रीजवर चिकटवा. दिवाळीत निम्मे दवाखाने बंद असतात, माझाही पाडव्याला असतो. आणि फराळाचं ताट खाली ठेवू नका. बेदाणे, चॉकलेट, कांद्याचं काहीही कुत्र्यांना विषारी. ससे पाळणाऱ्यांसाठी: ससा घाबरला की खाणं थांबवतो आणि खाणं थांबलं की त्याची आतडी थांबतात. सकाळपासून लेंड्या दिसल्या नाहीत तर दुपारपर्यंत वाट बघू नका.

अबोली

सहा आठवड्यांचा हिशोब देते, नाहीतर धागा काढून गायब होणाऱ्यांत माझी गणना व्हायची.

पहिलं, रोज संध्याकाळी मोबाइलवर फटाक्यांचा आवाज, इतका बारीक की मला धड ऐकू येईना, आणि त्याबरोबर उकडलेलं चिकन. आठवड्याला एकेक रेघ वाढवली. तिसऱ्या आठवड्यात मी घाई केली, दोन रेघा एकदम. गुंड्या उठून मोरीत गेला. पुन्हा पहिल्यापासून. एक लक्षात आलं, मोबाइलमधून तो 'धप्प' येतच नाही, जो छातीत बसतो. म्हणून नंतर टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवर.

दुसरं, मोरी. त्याने स्वतः निवडली, तर तीच पक्की केली. खिडकीला गादी, खाली जुनी गोधडी, एक्झॉस्ट फॅन चालू. पट्ट्यावर माझा नंबर, आणि ओळखीची चिपही बसवून घेतली.

तिसरं, सोसायटी. "फटाके बंद करा" असं मी म्हणालेच नाही. म्हणाले असते तर काडेपेटींचे चार जुळे भाऊ आमच्याच मीटिंगमध्ये होते. मी वही वाचून दाखवली. तारीख, वेळ, काय झालं. सकाळच्या सहाच्या बॉम्बपाशी आले तेव्हा बी विंगमधले एक आजोबा म्हणाले, "तेव्हा मीपण दचकलो होतो. छातीत धडधड थांबेना." मग दोन घरांतून तान्ह्या बाळांचं निघालं. शेवटी ठरलं ते एवढंच: आठ ते साडेनऊ, मागच्या मैदानात, पार्किंगमध्ये नाही, आणि सुरू करायच्या दहा मिनिटं आधी ग्रुपवर मेसेज. सुतळी बॉम्बवर एकमत झालं नाही. ठीक आहे.

दाराचा प्रश्न उरला. सासूबाईंना दार बंद चालेना. मग मुलाने जुन्या पाळण्याचं लाकडी गेट दारात आडवं बांधलं. त्याच्यावरून लक्ष्मी येऊ शकते, असं सासूबाईंनी ठरवलं.

लक्ष्मीपूजनाला पावणेआठला मेसेज आला. गुंड्याला चिकन देऊन मोरीत नेलं, मी बाहेर चटईवर. थरथरला. लाळ गळली. एकदा दारावर नखं मारली. पण साडेनऊला आवाज थांबला आणि दहाला तो मोरीतून बाहेर येऊन गोधडी ओढत हॉलमध्ये घेऊन गेला. पाडव्याला सकाळी जिना उतरला.

सगळं गोड नाही. भाऊबीजेच्या रात्री साडेबाराला रस्त्यापलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाला एक लडी लागली. तो दिवस आणि पुढचा दिवस वहीत लाल शाईने आहे.

पिंजऱ्याबाहेर

वहीची कल्पना जुन्या सहकाऱ्यांना कळवलीय. तिथेही आता रात्रीच्या पाळीत आवाज आणि जनावरांच्या हालचाली लिहून ठेवणार आहेत. चौथ्या दिवशीचंही लिहा म्हटलंय.

काडेपेटी

आमच्या बिल्डिंगमध्ये मेसेजवाली आयडिया मी मांडली. फटाके मीच लावले, पण सांगून. शेजारच्या काकूंच्या पोपटाने आभार मानल्याचं अजून कळलेलं नाही.

म्हशीवाला

धारेची वेळ पण मेसेजमध्ये घाला म्हणावं.

अबोली

आज तुळशीचं लग्न. आत्ता सेक्रेटरींचा मेसेज आला: "साडेसातला मंगलाष्टकं. नंतर एकच माळ, मैदानात. गुंड्याला कळवणे."

कळवलं. चिकन गॅसवर आहे.